सेरेंगेटी : पावसामागे चालणारे रान

स्वाहिली भाषेत 'सफारी' म्हणजे प्रवास, मग तो बाजारगावाचा असो की दूरच्या नातलगांकडचा. हा शब्द अरबी 'सफर'पासून आला असून तोच 'सफर' फारसीच्या वाटेने मराठीतही रुळला आहे. वसाहतकाळात हमाल आणि तंबू घेऊन निघणाऱ्या युरोपीय शिकाऱ्यांच्या मोहिमांना हे नाव मिळाले आणि पुढे जगभर त्याचा अर्थ वन्यप्राण्यांच्या मुलखातील भ्रमंतीपुरता आक्रसला. प्राणी पाहण्यासाठी गाडीतून मारलेल्या फेरीला आजही 'गेम ड्राइव्ह' म्हणतात आणि त्यातील 'गेम'चा अर्थ शिकारीचे जनावर असा आहे. तसेच सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकी रानरेडा यांचे 'बिग फाइव्ह' हे पंचक, पायी शिकार करताना हे पाच प्राणी सर्वांत धोकादायक ठरत म्हणून शिकाऱ्यांनीच बांधले. आज कॅमेरा घेऊन जाणारा प्रवासीही बहुधा हीच यादी मनात धरून निघतो, परंतु सेरेंगेटीसारख्या प्रदेशाचे वैभव पाच नावांत मावणारे नाही; ते समजून घ्यायचे तर सुरुवात गवतापासून करावी लागते.

टांझानियाच्या उत्तरेस १४,७६३ चौरस किलोमीटरवर पसरलेल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या नावाचा उगम मासाई भाषेत असून, 'जमीन जिथे संपतच नाही असा मुलूख' असा त्याचा अर्थ सांगितला जातो. उद्यानाच्या आग्नेय भागातील मैदानांवर मैलोनमैल झाड दिसत नाही, आणि याचे कारण पूर्वेकडच्या ज्वालामुखींमध्ये आहे, ज्यांपैकी ओल दोइन्यो लेंगाई आजही जागृत आहे. त्यांनी उधळलेली राख वाऱ्याबरोबर येऊन या मैदानांवर थरावर थर साचली, पावसाच्या पाण्याबरोबर तिच्यातील चुना खाली उतरून जमिनीखाली दगडासारखा कठीण थर तयार झाला, आणि झाडांच्या मुळांना तो भेदता येत नसल्यामुळे तेथे केवळ खुरटे गवत उरले. हे गवत मात्र कॅल्शियम आणि फॉस्फरसने समृद्ध असते, म्हणून दूध पाजणाऱ्या मादीला याहून चांगला चारा या मुलखात दुसरा नाही. अडचण अशी, की याच भागात पाऊस सर्वांत कमी पडतो आणि तो थांबताच पाणवठे आटतात, तर उत्तरेकडे मारा नदीच्या खोऱ्यात पाणी बारमाही असले तरी गवत तितके कसदार नसते. चारा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे, या पेचातूनच सेरेंगेटीचे सुप्रसिद्ध स्थलांतर घडते.

या स्थलांतरात सुमारे तेरा लाख नू, जवळपास दोन लाख झेब्रे आणि कित्येक लाख थॉमसन गॅझेल, म्हणजे आपल्या चिंकाऱ्याचे आफ्रिकी भाऊबंद, सहभागी होतात. नू, ज्याला वाइल्डबीस्ट असेही म्हणतात, हा गाईसारखी शिंगे आणि घोड्यासारखी आयाळ असलेला, कुरंगांच्या कुळातील प्राणी आहे. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत हे कळप दक्षिणेकडे न्दुतूच्या परिसरात असतात आणि त्या काळात बहुतेक वासरे अवघ्या दोन-तीन आठवड्यांत जन्माला येतात. इतकी वासरे एकाच वेळी आल्यामुळे सिंह-तरसांनी कितीही खाल्ली तरी बहुसंख्य वाचतात, शिवाय वासरू जन्मल्यानंतर काही मिनिटांत उभे राहून आईबरोबर धावू लागते. मे महिन्यापासून कळप पश्चिमेकडे व उत्तरेकडे सरकतात, जुलै ते ऑक्टोबर या काळात मारा नदी ओलांडून केनियात ये-जा करतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास पुन्हा दक्षिणेला वळतात. या चालीला ठरलेला म्होरक्या नाही आणि तिथीवारही नाही. पाऊस लवकर पडला किंवा लांबला की कळपांची दिशा बदलते, म्हणून सहलींच्या पत्रकांत छापलेला महिना हा अंदाजच समजावा.

मारा नदी ओलांडतानाची चेंगराचेंगर आणि मगरींचे हल्ले चित्रपटांमुळे सर्वपरिचित झाले आहेत, मात्र त्यानंतर नदीत काय घडते याकडे क्वचितच लक्ष जाते. अभ्यासकांच्या मोजणीनुसार दरवर्षी सरासरी सहा हजारांहून अधिक नू या नदीत बुडून मरतात. त्यांचे मांस मगरी, मासे, गिधाडे आणि मराबू करकोचे यांच्या वाट्याला येते, तर तळाशी राहिलेली हाडे वर्षानुवर्षे झिजत फॉस्फरस पाण्यात सोडत राहतात.

हे कळप अनादी काळापासून असेच चालत आले असावेत असा समज होणे स्वाभाविक आहे, पण त्यांचा आजचा आकार अवघ्या काही दशकांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुळकांडी, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावरांना होणारा विषाणुजन्य रोग, आशियातून आणलेल्या गुरांबरोबर पूर्व आफ्रिकेत शिरला. मासाई पशुपालकांची बहुतांश गुरे त्यात मेली, पाठोपाठ दुष्काळ व देवी आल्या, आणि माणसे व गुरे नाहीशी झालेल्या कुरणांत झुडपे माजून निद्रारोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीने तेथे बस्तान बसवले. पुढे आलेल्या युरोपीयांना हा ओसाड मुलूख मानवस्पर्शविरहित आदिम रान वाटला, आणि संरक्षणाची पुढची सारी धोरणे या गैरसमजाच्या छायेत आखली गेली. विसाव्या शतकाच्या मध्यास भोवतालच्या गुरांना लस टोचली गेली तेव्हा रोग वन्यप्राण्यांतूनही आपोआप मावळला, आणि १९६१ साली अडीच लाखांच्या आसपास असलेले नू १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेले. एवढ्या तोंडांनी गवत खाल्ल्यामुळे वणव्यांना जळायला काही उरेना, वणवे घटल्यामुळे रोपे तगू लागली आणि कित्येक भागांत पुन्हा झाडी वाढली. गुरांना टोचलेल्या लशीचा परिणाम असा वृक्षांपर्यंत पोहोचला. जगातून बुळकांडीचे उच्चाटन झाल्याची अधिकृत घोषणा २०११ साली झाली.

या मुलखातील सीमारेषांचा इतिहासही प्रवाशाने जाणून घेतलाच पाहिजे. राष्ट्रीय उद्यान म्हणजे जेथे वस्ती, शेती आणि गुरचराई या तिन्हींना मनाई असते असे क्षेत्र. सेरेंगेटीला हा दर्जा १९५१ साली मिळाला आणि १९५९ साली तेथील मासाई कुटुंबांना शेजारच्या न्गोरोंगोरो भागात हलवण्यात आले. तेथे मात्र वन्यप्राणी आणि पशुपालक या दोघांनाही राहता येईल असे वेगळे 'संवर्धन क्षेत्र' निर्माण केले गेले. न्गोरोंगोरोचे खचलेले ज्वालामुखी विवर सुमारे ६०० मीटर खोल आणि तळाशी जवळजवळ २६० चौरस किलोमीटर विस्ताराचे असून काळा गेंडा पाहण्याची चांगली संधी तेथे मिळते. परंतु २०२२ पासून येथील मासाईंना पुन्हा दूरच्या म्सोमेरा गावी नेले जात आहे; हे स्थलांतर स्वेच्छेचे असल्याचे सरकार सांगते, तर अनेक मासाई ते लादलेले असल्याचे म्हणतात. ज्यांच्या गुराख्यांनी ही कुरणे पिढ्यान्‌पिढ्या वन्य कळपांबरोबर वाटून घेतली, त्यांनाच रानाचे शत्रू ठरवणे अन्यायाचे आहे.

सीमेपलीकडे केनियात मासाई मारा हे सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे 'राष्ट्रीय राखीव क्षेत्र' स्थानिक नारोक काउंटीच्या ताब्यात आहे. केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली, तरी तेथील वन्यजीवांवरचे संकट शिकारीपुरते मर्यादित नव्हते. माराच्या पूर्वेकडील लोइटा मैदानांवर व्यायला जाणारे नू १९७० च्या दशकात एक लाखाहून अधिक होते आणि शतकाच्या अखेरीस ते विसेक हजारांवर आले, कारण त्यांच्या चराऊ जमिनीवर गव्हाची शेती पसरली. यावरचा उपाय म्हणून गेल्या दोन दशकांत 'कॉन्झर्व्हन्सी' वाढल्या. या व्यवस्थेत मासाई जमीनमालक आपापले तुकडे एकत्र करून पर्यटन व्यावसायिकांना भाडेपट्ट्याने देतात, त्याबदल्यात जमिनीचे नियमित भाडे मिळवतात आणि कुंपणे घालण्याचे टाळतात. तंबू आणि गाड्यांच्या संख्येवरही तेथे मर्यादा असते.

गाड्यांची मर्यादा किती मोलाची आहे हे चित्त्याच्या उदाहरणावरून कळते. सिंह आणि तरस यांच्यापुढे टिकाव लागत नसल्याने चित्ता बहुधा दिवसा शिकार करतो, आणि नेमक्या त्याच वेळी पर्यटकांच्या गाड्या त्याला घेरतात. मारामधील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विरळ पर्यटनाच्या भागात चित्त्याची मादी एका वेतातून सरासरी २.३२ पिल्ले वाढवू शकते, तर गर्दीच्या भागात ही सरासरी ०.२१ इतकी खाली येते, असे आढळले. म्हणून चालकाला गाडी आणखी जवळ घेण्याचा आग्रह प्रवाशाने कधीही करू नये.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घेऊन तिचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे, कारण केनियातून परतताना भारतातही ते तपासले जाते. हिवतापापासून बचावासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि प्लास्टिक पिशव्या नेऊ नयेत, कारण दोन्ही देशांत त्यांना बंदी आहे. ताडोब्यात वाघ क्षणभर दिसून झाडीत नाहीसा होतो, तर येथे एकच कळप दिवसभर डोळ्यांसमोर राहू शकतो. म्हणून चार उद्याने धावतपळत उरकण्याऐवजी एकाच ठिकाणी तीन-चार मुक्काम करणे श्रेयस्कर. इंजिन बंद करून तासभर थांबल्यास, झेब्रा उंच गवताची जाड टोके आधी कसा खुडतो, त्यामुळे उघडी पडलेली पाने नूच्या तोंडी कशी लागतात, आणि कळप पुढे सरकल्यावर फुटलेल्या कोवळ्या कोंबांवर थॉमसन गॅझेल कसे येतात, हा क्रम नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो.