गुठळीचा वारसा

रक्तगट आपल्याला तोंडपाठ असतो. ड्रायव्हिंग लायसन्सवर, कॉलेजच्या आयकार्डवर तो छापलेला असतो आणि रक्त द्यायची-घ्यायची वेळ आली की त्याचं काम, एवढंच आपण धरून चालतो. पायाच्या शिरेत नको तेव्हा रक्ताची गुठळी होण्याची शक्यताही काही प्रमाणात त्यावर अवलंबून असते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. ओ गटाच्या लोकांत अशा गुठळ्या कमी आढळतात, हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९६९ सालीच छापून आलं होतं. कारण उलगडायला पुढे बराच काळ जावा लागला.

रक्तात व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं एक लांबलचक प्रथिन फिरत असतं. जखम झाली की प्लेटलेट्सना तिथे धरून ठेवणं हे त्याचं एक काम. दुसरं काम रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ८ला सोबत बाळगण्याचं. ही सोबत सुटली तर फॅक्टर ८ रक्तात फार वेळ टिकत नाही. आता गंमत अशी, की ए किंवा बी गट ठरवणारी जी साखर लाल पेशींवर असते, तीच या प्रथिनावरही लागलेली असते. ओ गटात ती नसते. त्यामुळे प्रथिन लवकर तुटतं, रक्तातून लवकर काढलं जातं, आणि त्याच्यासोबत फॅक्टर ८ही कमी राहतो. अमेरिकेत ११०० हून अधिक रक्तदात्यांना तपासून १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत या प्रथिनाची सरासरी पातळी ओ गटात ७५ युनिट, ए गटात १०६, बीमध्ये ११७ आणि एबीमध्ये १२३ अशी आली. चारही गट निरोगी माणसांचे, तरी एवढा फरक.

या गोष्टीचा एक पुरावा थेट मुंबईशी जोडलेला आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ शोधून काढला. या अतिदुर्मीळ गटाच्या लोकांकडे ए नसतो, बी नसतो, आणि ओ गटात असणारा एच नावाचा पायाही नसतो. साखरेचा सिद्धांत खरा असेल तर यांच्यात हे प्रथिन कमीच सापडायला हवं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते तसंच सापडलं. ज्या गटाकडे आपण रक्त मिळायची अडचण म्हणूनच पाहत आलो, त्याने रक्त गोठण्याचं एक कोडं सोडवायला हातभार लावला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पातळीतल्या या फरकाला महत्त्व किती? नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९९५ साली दाखवलं, की फॅक्टर ८ची पातळी १५० युनिटच्या वर असलेल्यांना शिरेत गुठळी होण्याचा धोका १००च्या खाली असलेल्यांच्या जवळजवळ पाचपट असतो. यात वारशाचा वाटा किती, हे पाहायला स्पेनमध्ये २१ मोठ्या कुटुंबांतल्या सुमारे ४०० माणसांचा अभ्यास झाला. गुठळी होण्याच्या प्रवृत्तीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा साधारण ६० टक्के भाग आनुवंशिक आहे, असं त्यातून पुढे आलं. एखाद्याच्या गुठळीला साठ टक्के आई-वडील जबाबदार, असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे. हा आकडा समूहाचा आहे, व्यक्तीचा नाही.

आतापर्यंत रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचं बोललो. घाट उतरताना ब्रेक लागतो, तशी गोठणं वेळेवर थांबवणारी प्रथिनंही रक्तात असतात. अँटीथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस ही त्यांतली मुख्य. नॉर्वेच्या ओलाव एगेबर्ग यांनी १९६५ साली एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली. गुठळ्यांनी ग्रासलेल्या त्या घरातल्यांच्या रक्तात अँटीथ्रॉम्बिन जवळपास निम्मंच होतं. प्रोटीन सी आणि एसची कमतरता असलेली कुटुंबं ऐंशीच्या दशकात सापडली. तरीही गुठळ्यांचे कितीतरी रुग्ण असे उरत, की ज्यांच्यात या तिन्हींची पातळी ठीकठाक असे.

ते कोडं स्वीडनमध्ये मालमो इथे ब्यॉर्न डालबेक यांनी सोडवलं. वारंवार गुठळ्या होणाऱ्या एका माणसाचा प्लाझ्मा त्यांनी परीक्षानळीत घेतला आणि त्यात सक्रिय प्रोटीन सी घातलं. ब्रेक दाबल्यावर गोठायला लागणारा वेळ लांबायला हवा. इथे तो जेमतेम हलला. त्याच्या नातेवाइकांच्या रक्तातही तेच दिसलं. ही १९९३ची गोष्ट. पुढच्याच वर्षी लायडनच्या गटाने कारण दाखवलं. प्रोटीन सी रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ५ला ठरावीक जागी कापून निकामी करतं. त्यातल्या ५०६व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिन आलं, की तिथे काप बसत नाही. जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. युरोपीय वंशाच्या सुमारे ५ टक्के लोकांत हे ‘फॅक्टर ५ लायडन’ असतं, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर गुठळी होत नाही.

कारण जनुक क्वचितच एकटं काम करतं. त्याच १९९४ साली लायडनमधूनच गर्भनिरोधक गोळ्यांबद्दलचा हिशेब आला. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला गुठळ्या किती? गोळी नाही आणि हा बदलही नाही, तर १पेक्षा कमी. नुसती गोळी, तर ३. नुसता बदल, तर सुमारे ६. दोन्ही एकत्र, तर २८हून जास्त. प्लास्टरमधला पाय, मोठं ऑपरेशन, कॅन्सर, बाळंतपण यांचंही असंच आहे. वारसा शांत बसलेला असतो आणि प्रसंग आला की डोकं वर काढतो.

आपल्याकडे मात्र चित्र वेगळं आहे. फॅक्टर ५ लायडन भारतीयांत बरंच कमी आढळतं. १९९६ साली सापडलेला, प्रोथ्रॉम्बिन या गोठवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातला बदल, ज्याने त्या प्रथिनाची पातळी वाढते, तो तर इथे जवळपास सापडतच नाही. आपल्या रुग्णांत प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटीथ्रॉम्बिनची कमतरता जास्त पाहावी लागते. तरी सरसकट नियम करता येत नाही. यकृतातून रक्त वाहून नेणाऱ्या शिरा बंद होण्याच्या, म्हणजे बड-कियारी विकाराच्या पश्चिम भारतातल्या रुग्णांचा मुंबईत अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्यात फॅक्टर ५ लायडनच ठळकपणे पुढे आलं. म्हणूनच युरोपीय लोकांत सापडलेल्या दोन जनुकीय बदलांची चाचणी ‘निगेटिव्ह’ आली, की आपल्याला धोका नाही, असं समजणं चूक आहे.

दुसरी चूक वेळेची. रक्त काढताना रुग्ण कोणत्या अवस्थेत आहे यावर बरंच अवलंबून असतं. गुठळी ताजी असताना फॅक्टर ८ चढलेला असतो. रक्त गोठू न देणारं हेपारिन हे औषध चालू असताना अँटीथ्रॉम्बिन उतरतं. वॉरफरिन हे तसंच दुसरं औषध चालू असताना प्रोटीन सी आणि एस दोन्ही कमी येणारच. गरोदरपणात प्रोटीन एस आपोआप घटतं. अशा वेळी काढलेल्या रिपोर्टवरून एखाद्या तरुण मुलीला ‘तुझं रक्त जन्मजात दोषी आहे’ असं सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे. आणि एमटीएचएफआर नावाची जी जनुक-चाचणी पॅकेजमध्ये सर्रास घातलेली असते, ती गुठळीचं कारण शोधण्यासाठी करू नये, असं अमेरिकेतल्या जनुकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालीच सांगून ठेवलं आहे. तो खर्च वाचवा.

या चाचण्यांपेक्षा घरातली माहिती अनेकदा जास्त कामाची ठरते, आणि ती फुकट मिळते. ‘ऑपरेशननंतर आठवड्यात अचानक गेले’, ‘बाळंतपणात हार्ट फेल झालं’ असं आपल्या घरांत सांगितलं जातं आणि विषय तिथेच संपतो. त्यांतल्या काही मृत्यूंमागे फुप्फुसात जाऊन अडकलेली गुठळी असू शकते. आई-वडील, भावंडं, मामा, आत्या यांच्यात पन्नाशीच्या आत कुणाला पायात, पोटात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का, हे एकदा विचारून घ्या. ऑपरेशनच्या आधी, गर्भनिरोधक गोळी सुरू करण्याआधी आणि गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. आणि रक्तगट कोणताही असो, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा काही कारण नसताना एकाएकी दम लागला, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.