गोळीचा दिवस

पहाटे ५. नवी मुंबईतल्या आमच्या केंद्रात वॉर्डातले दिवे लागतात. मूळ कंपनीचं औषध आणि त्याची स्वस्त जेनेरिक आवृत्ती रक्तात सारखीच उतरते का, हे निरोगी माणसांवर तपासायचं. त्याला आम्ही बीई स्टडी म्हणतो. मंडळी काल संध्याकाळीच दाखल झालीत, रात्रीपासून उपाशी आहेत. मी रक्त काढणारा.

६. कॅन्युला बसवायच्या. एकाच्या कोपराच्या खोबणीत सुईचा ताजा डाग दिसला.

"कुठे दिलंस रे रक्त?"

"नाही दादा, डास चावला."

नेमका शिरेवर? डॉक्टरांना सांगितलं. तो घरी, राखीव ठेवलेला पोरगा आत. दोन स्टडींत साधारण तीन महिन्यांचं अंतर लागतं. पैशांची नड असली की पोरं दुसरीकडची स्टडी लपवतात. चिडावं तर घरभाडं थकलेलं असतं.

८. गोळी. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने एकेकाला, २४० मिली पाण्याबरोबर. मग "आ कर, जीभ उचल". टॉर्च मारून गालाच्या आतसुद्धा बघायचं. निम्म्यांना मूळ औषध, निम्म्यांना जेनेरिक. काही दिवसांनी अदलाबदल. पुढचे चार तास खायला काही नाही.

८.३० ते १२. घड्याळ आणि सुई. नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा काढायचा, फ्रीझरमध्ये उणे सत्तरला ठेवायचा. वॉर्डात पत्ते आणि मोबाइल.

१२. जेवण. सगळ्यांना सारखं, मोजून. ताट संपवावंच लागतं. पानात टाकलं तर नोंद होते.

४. एक जण म्हणाला, "मला जायचंय." कोऑर्डिनेटर समजूत घालायला बसला. मला ते पटत नाही. कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं, हे त्याच्या मराठी संमतिपत्रात छापलंय. शेवटी डॉक्टरांनी तपासून सोडलं. त्याने दिलेल्या वेळेचे पैसे मिळतील. पैसे वेळेचे आणि त्रासाचे असतात, जिवाच्या जोखमीचे नाहीत; स्टडीमुळे इजा झालीच तर उपचार आणि भरपाई वेगळी, २०१९च्या नियमांनुसार.

८. बारा तासांचा नमुना. चोवीस तासांचा उद्या सकाळी.

तुमच्या घरातलं कोणी अशा स्टडीला जात असेल, तर सही केलेल्या संमतिपत्राची प्रत मागून घ्यायला सांगा. एथिक्स कमिटीचा फोन नंबर तिच्यावरच असतो.