पवईचे पाणी जमिनीवर ठरते

पवई आणि विहार हे तलाव शेजारी-शेजारी आहेत. पाऊस तोच, डोंगर तेच, खालचा काळा खडकही तोच. विहार 1860 मध्ये बांधून पुरा झाला आणि आजही मुंबईकरांच्या नळाला पाणी देतो. पवईला बांध पडला तो त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी, 1890-91 च्या आसपास, आणि तोही शहराची तहान भागवण्यासाठीच. पण पवईचे पाणी आज कोणी पीत नाही. ते कारखान्यांना आणि आरे वसाहतीला, पिण्याव्यतिरिक्तच्या कामांसाठी जाते. विहारच्या पाणलोटात राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. पवईच्या सुमारे 6.6 चौरस किलोमीटर पाणलोटात इमारती, वस्त्या, रस्ते, बागा आणि हिरवळी आहेत. तलावाच्या आजच्या अवस्थेची कारणे या जमिनीवरच शोधायला हवीत. त्यातल्या खताविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

पाणी हिरवे का होते

पिकाला जे लागते तेच शेवाळाला आणि जलपर्णीला लागते: नत्र, स्फुरद, पालाश. गोड्या पाण्यात बहुधा स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची टंचाई असते. ही टंचाई म्हणजेच तलावाचे संरक्षण. ती संपली की शेवाळाला आवर राहत नाही. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात 1973 मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 226 क्रमांकाच्या तळ्यात मधोमध पडदा टाकला. एका भागात कार्बन आणि नत्र घातले, दुसऱ्या भागात या दोन्हींबरोबर फॉस्फरसही. काही आठवड्यांतच फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला. त्या तळ्याचे विमानातून काढलेले छायाचित्र पुढे जलशास्त्राच्या पुस्तकांतून जगभर गेले.

हिरवेपणा दिवसा निरुपद्रवी वाटतो. रात्री मात्र शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, उलट वापरते. मेलेले शेवाळ तळाशी कुजताना आणखी वापरते. त्यामुळे पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो, आणि मासे मरतात तेही बहुधा अशाच वेळी. जलपर्णीचा गालिचा वरून झाकण घालतो, तेव्हा हवेतून आणि उजेडातून मिळणारा ऑक्सिजनही तुटतो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिरवा तवंग पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. शेवाळाच्या काही जाती विषारीही असतात. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट 2014 मध्ये, ईरी सरोवरातल्या अशा शेवाळामुळे, चार लाखांहून अधिक लोकांना काही दिवस नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले होते. त्या सरोवरात फॉस्फरस येत होता तो प्रामुख्याने शेतांतून.

पन्नास पोत्यांचा हिशेब

पवई तलाव काठोकाठ भरला की त्यात सुमारे 545 कोटी लिटर पाणी मावते. एका लिटरमागे 0.03 मिलिग्रॅम फॉस्फरस झाला की तलाव बिघडण्याच्या वाटेला लागतो, असे ढोबळमानाने मानतात. म्हणजे सगळ्या तलावाला तिथवर न्यायला साधारण 163 किलो फॉस्फरस पुरतो.

आता चेंबूरच्या आरसीएफच्या ‘सुफला 15:15:15’चे पोते घ्या. महाराष्ट्रात हे खत माहीत नाही असा शेतकरी विरळा. पोत्यावरचा मधला 15 हा आकडा फॉस्फरसच्या ऑक्साइडचा असतो. शुद्ध फॉस्फरस भरतो साडेसहा टक्क्यांच्या आसपास. पन्नास किलोच्या पोत्यात सव्वातीन किलो. त्यामुळे 163 किलोला लागतात पन्नास पोती.

पन्नास पोत्यांतले सगळे खत तलावात जाणार नाही, हे उघड आहे. बरेचसे झाडे घेतात, काही मातीत अडकते. शिवाय पावसाळ्यात तलाव ओसंडून पाणी मिठी नदीत जाते, तेव्हा काही भाग वाहून निघतो. तरीही मोठमोठ्या हिरवळी आणि फुलझाडांचे वाफे असलेल्या उपनगरात वर्षाला पन्नास पोती हा काही अचाट आकडा नाही. खत टाकणाऱ्याला एक मूठ क्षुल्लक वाटते. पाण्याला ती वाटत नाही.

आधी सांडपाणी

एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. पवईच्या दुखण्याचे मोठे कारण खत नाही, सांडपाणी आहे. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण अर्धा किलो फॉस्फरस बाहेर पडतो. वरच्याच हिशेबाने सव्वातीनशे माणसांचे वर्षभराचे मैलापाणी प्रक्रियेविना तलावात गेले, तर ते पन्नास पोत्यांच्या बरोबरीचे होते. तलावाभोवती माणसे किती राहतात, हे पवईकरांना ठाऊक आहे. म्हणून सांडपाण्याचे नाले वळवणे आणि त्यावर प्रक्रिया करणे यांना पर्याय नाही. खताच्या चर्चेने महापालिकेची ही जबाबदारी तसूभरही हलकी होत नाही.

मग खताचा विचार कशाला? कारण नाले वळवायला वर्षे लागतात आणि ते रहिवाशांच्या हातात नाही. खताचे पोते हातात आहे. शिवाय नाले बंद झाल्यावरही पावसाचे पाणी तलावात येतच राहणार, आणि तेव्हा बागांमधले खत हाच उरलेला मोठा वाटा ठरू शकतो.

नत्र विरघळते, स्फुरद चिकटते

दोन्ही अन्नद्रव्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. युरियातले नत्र मातीत नायट्रेट बनते. नायट्रेट मातीला धरून राहत नाही; पाण्याबरोबर खाली झिरपते आणि विहिरी-बोअरवेलपर्यंत पोचते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्यापुढे गेले की तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटण्याचा धोका असतो.

स्फुरदाचे उलटे. आपल्या लालसर मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरतात. म्हणून ते प्रवास करते मातीच्या कणांवर बसून. पहिल्या मोठ्या सरीनंतर सोसायटीच्या उताराकडच्या जाळीपाशी उभे राहून पाहावे. पाणी चहाच्या रंगाचे असते, आणि जाळीच्या कडेला बोटभर गाळ साचतो. खत घातलेल्या वाफ्यावरचा गाळ असेल, तर त्यातच ते स्फुरद आहे. पर्जन्यजलवाहिनीला प्रक्रिया केंद्र नसते. तिच्यात पडले ते सरळ तलावात. तिथे गाळ तळाशी बसतो, आणि तळाचा ऑक्सिजन संपला की धरलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सोडतो. जुन्या तलावांचे दुखणे बाहेरचा पुरवठा थांबल्यावरही वर्षानुवर्षे रेंगाळते, त्याचे हे कारण.

यावरून पहिला उपाय निघतो तो माती धरून ठेवण्याचा. वाफा उघडा ठेवू नये, पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे, उताराच्या टोकाला गवताचा किंवा दाट झुडपांचा पट्टा ठेवावा आणि त्या पट्ट्याला खत देऊ नये. फरसबंदीवर सांडलेले दाणे पाइपने धुवायचे नाहीत, झाडूने गोळा करून वाफ्यात टाकायचे.

मातीची तपासणी

आधी तपासणी, मग खरेदी. बागेचा तुकडा एकसारखा असेल तर आठ-दहा ठिकाणी वरचा पाला बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडावी. सगळी माती कागदावर मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करत राहावे. माती सावलीत सुकवावी. कंपोस्टच्या ढिगाजवळची, झाडाच्या बुंध्याजवळची किंवा नुकतेच खत घातलेली जागा टाळावी. कृषी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळा अशी तपासणी करतात. खासगी प्रयोगशाळाही आहेत.

वर्षानुवर्षे 15:15:15 पडलेल्या बागेत स्फुरद आधीच भरपूर निघण्याची शक्यता मोठी. तसे निघाले तर मिश्रखत बंद करून गरजेपुरते नत्र द्यावे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात 2005 पासून राज्यभर हाच कायदा आहे: माती तपासणीत कमतरता दिसल्याशिवाय, किंवा हिरवळ नव्याने लावायची असल्याशिवाय, तिला फॉस्फरसचे खत घालता येत नाही. मुंबईच्या तलावांच्या पाणलोटांत असा नियम व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘पाऊस येतोय, खत टाकून घेतो’

हे वाक्य प्रत्येक बागेत ऐकू येते. रिमझिम पावसाच्या गावाला ते शोभेल. मुंबईत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, आणि एखाद्या दिवशी तो किती पडू शकतो हे 26 जुलै 2005 ने दाखवले: सांताक्रूझला 944 मिलिमीटर. अशा पावसापुढे वर पसरलेले दाणे टिकत नाहीत. माळीकाकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना पोते आणि तारीख सोसायटीची समितीच देते. खत द्यायचेच तर पाऊस ओसरल्यावर, थोडे-थोडे, मातीत मिसळून आणि हलके पाणी देऊन द्यावे.

सेंद्रिय म्हणजे मोकळीक नव्हे

शेणखत आणि ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट मातीला उत्तमच. माती भुसभुशीत होते, पाणी मुरते, धूप घटते. पण त्यातही फॉस्फरस असतो. झाडाच्या नत्राची सगळी गरज शेणखतावर भागवायला गेले, तर स्फुरद गरजेपेक्षा जास्त पडते. कंपोस्टचा ढीग गटाराजवळ, उघड्यावर पावसात ठेवणे तर अगदीच चुकीचे.

कोकणातली गोळी

खत नेमके कुठे ठेवावे, याचा सुंदर नमुना आपल्याच भातशेतीत आहे. डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातलागवड मांडली. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीची गोळी अशी ती चार सूत्रे. चार चुडांच्या मध्ये 2.7 ग्रॅमची एक गोळी चिखलात 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. खोल चिखलात हवा नसल्याने नत्र अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहते, वरच्या पाण्याबरोबर वाहत नाही, आणि कमी खतात पीक येते. बागेतही हेच तत्त्व चालते: मुळांजवळ खोल दिलेले थोडे खत वर फेकलेल्या पुष्कळ खतापेक्षा जास्त उपयोगी.

काढलेली जलपर्णी

तलावातून काढलेल्या जलपर्णीच्या अंगात तलावातलेच नत्र आणि स्फुरद असते. ती काठावर कुजत राहिली तर पहिल्या पावसात सगळे परत पाण्यात जाते. ती पाणलोटाबाहेर नेली, तरच तलावातून काही खरोखर बाहेर गेले.

पवईतल्या सोसायट्यांना विनंती एवढीच की, मे महिन्याच्या सभेत बागेच्या मातीचा अहवाल मागवा, जून ते सप्टेंबर रासायनिक खताचे पोते कुलपात ठेवा, आणि तलावात उतरणारे सांडपाण्याचे नाले कधी वळणार, हे महापालिकेच्या एस विभाग कार्यालयाला लेखी विचारत राहा.