वाशीमने युद्ध कधी पुकारलं?

१२ ऑगस्ट १९४१ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एक मतदान झालं. सक्तीच्या भरतीने सैन्यात आलेल्या जवानांची मुदत वाढवायची की त्यांना घरी धाडायचं, एवढाच मुद्दा होता. बाजूने २०३, विरोधात २०२. पर्ल हार्बर अवघं चार महिन्यांवर आलं होतं आणि त्या देशाची फौज एका मतावर टिकली.

अमेरिकेची ही घासाघीस समजण्यासारखी होती. पहिल्या महायुद्धात पोरं पाठवून काय पदरात पडलं, हा प्रश्न तिथल्या घराघरांत होता. सिनेटर नाय यांच्या समितीने १९३४ पासून दोन वर्षं शस्त्रकारखानदार आणि सावकारी पेढ्यांची झाडाझडती घेतली. लढाईत कुणाचे खिसे भरले, हे लोकांना वाचायला मिळालं. १९३५ ते १९३९ दरम्यान तटस्थतेचे कायदे एकामागोमाग एक झाले. पुढे ते सैल होत गेले. आधी ‘रोख मोजा आणि आपल्या जहाजातून न्या’, मग मार्च १९४१ मध्ये उधार-उसनवारीचा कायदा. ७ डिसेंबरला जपानी विमानांनी हवाईत बॉम्ब टाकले आणि दुसऱ्या दिवशी प्रतिनिधिगृहाने ३८८ विरुद्ध १ मतांनी युद्धाला मंजुरी दिली. ते एक मत जेनेट रँकिन या बाईंचं. १९१७ मध्येही त्यांनी युद्धाविरुद्धच मत दिलं होतं. बरोबर की चूक, तो वाद वेगळा. पण त्यांचं मत मोजलं गेलं, नोंदलं गेलं.

आता वाशीमकडे येऊ. इथे मतदान कुठे झालं? कुठेच नाही. आणि करायचंच म्हटलं असतं, तर ते कोणत्या राजाच्या नावाने करायचं, इथूनच तंटा सुरू झाला असता.

१९३९ साली वाशीम जिल्हा नव्हता. इंग्रजी अमदानीत तो एकदा होऊन गेला होता. १९०५ मध्ये तो मोडला आणि वाशीम अकोल्याचा तालुका झाला. जिल्हा म्हणून तो परत उभा राहिला १ जुलै १९९८ ला. अकोला वऱ्हाडात आणि वऱ्हाड मध्य प्रांतात, हे राज्यकारभारापुरतं. मालकीच्या कागदावर वऱ्हाड निजामाचं होतं. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीकडे लावून दिलं. १९०२ मध्ये ते सालीना पंचवीस लाखांच्या कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेलं. वऱ्हाडचं भाग्य एका फौजेच्या खर्चाने ठरलं, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात दोन ओळींत उरकतात, हे मला नेहमी खटकतं. १९३६ च्या करारात निजामाची सार्वभौमता पुन्हा मान्य झाली आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. त्याच मुलखात १९३७ पासून निवडून आलेलं काँग्रेसचं मंत्रिमंडळही होतं. म्हणजे एका वावराचे तीन धनी.

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. प्रांतांच्या मंत्र्यांना विचारलं नाही, मध्यवर्ती कायदेमंडळाला विचारलं नाही. निजामाची निष्ठा गृहीतच होती. ब्रिटिश हवाई दलाची १५२ क्रमांकाची तुकडी त्याच्या देणगीमुळे ‘हैदराबाद स्क्वाड्रन’ म्हणून ओळखली गेली. तिची स्पिटफायर विमानं १९४० मध्ये इंग्लंडच्या आभाळात लढली आणि पुढे ही तुकडी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. रिसोडचा कुणबी कागदोपत्री ज्याची रयत होता, त्याची विमानं जर्मनांशी झुंजत होती आणि रिसोडला त्याची गंधवार्ताही नसावी.

तिसरा धनी मात्र बोलला, आणि बोलला तो वाशीमपासून फार दूर नसलेल्या वर्ध्यात. काँग्रेस कार्यसमितीने १४ सप्टेंबरच्या निवेदनात इंग्रजांना सरळ विचारलं: ही लढाई लोकशाहीसाठी असेल तर त्या लोकशाहीत आम्ही आहोत का? उत्तर गुळमुळीत आलं. नोव्हेंबरमध्ये रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात गव्हर्नरचा अंमल सुरू झाला.

काँग्रेसच्या या भूमिकेला अमेरिकेच्या माळेत ओवणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाही. ‘जग जळो, आमचं कुंपण शाबूत राहो’ असं काँग्रेस म्हणत नव्हती. जपानने चीनवर चाल केली तेव्हा १९३८ मध्ये तिने पाच डॉक्टरांचं पथक धाडलं. त्यातले कोटणीस सोलापूरचे आणि चोळकर नागपूरचे. अमेरिका जपानला भंगार लोखंड आणि तेल विकत होती, तेव्हा गुलाम देशाचे डॉक्टर चिनी जखमींची मलमपट्टी करत होते. काँग्रेसचं म्हणणं एवढंच होतं की आमच्या वतीने ‘हो’ म्हणण्याचा हक्क आमचा. जुलै १९४० मध्ये तर पुण्याच्या बैठकीत तिने राष्ट्रीय सरकार द्या, आम्ही युद्धाला हातभार लावतो, अशी तयारी दाखवली; त्यासाठी गांधीजींची अहिंसा बाजूला ठेवली. सरकारने ती झिडकारली, तेव्हा गाडी परत गांधीजींकडे वळली. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला.

विनोबांखेरीज या मुलखात आणखी तीन उत्तरं होती, आणि ती एकमेकांत बसत नाहीत. दुसरं उत्तर मुंजे-सावरकरांचं. नागपूरचे डॉ. मुंजे कित्येक वर्षं हिंदू तरुणांना बंदूक धरायला शिकवा म्हणत होते. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल त्यांनी १९३७ मध्ये त्याचसाठी काढली. युद्ध लागताच सावरकरांनी सैन्यात शिरा, असा धोशा लावला. तिसरं उत्तर डॉ. आंबेडकरांचं. हिटलर जिंकला तर अस्पृश्यांना उरलीसुरली आशाही राहणार नाही, हा त्यांचा हिशेब होता, आणि दुसरा तितकाच रोखठोक: लष्कराची दारं आमच्या माणसांना उघडा.

चौथं उत्तर वऱ्हाडच्या खास घरचं. लोकनायक बापूजी अणे, वणीचे, टिळकांच्या तालमीत वाढलेले. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्यांच्यावर टीका व्हायची ती झालीच. पण १९४२ चा ऑगस्ट उजाडला. वर्ध्यातच १४ जुलैला ‘भारत छोडो’ ठरावाचा मसुदा झालेला, ९ ऑगस्टला पुढारी आत, आणि १६ ऑगस्टला, ऐन नागपंचमीला, आष्टी आणि चिमूर पेटले. चिमूरला लष्कराने केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भणसाळी दिल्लीला गेले आणि त्यांनी उपोषण मांडलं ते अण्यांच्या बंगल्यात! सरकारी पाहुणचाराची अशी परीक्षा फार थोड्यांच्या वाट्याला येते. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी अणे, होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. आत जाणं आणि बाहेर पडणं, दोन्ही अण्यांनी आपल्या मनाने केलं. म्हणूनच हा माणूस मला त्या काळचा सर्वांत वाचनीय वऱ्हाडी वाटतो.

ही सगळी पुढाऱ्यांची गोष्ट झाली. शेतकऱ्याला युद्ध कळलं ते कापसातून.

मंगरूळपीर-मानोऱ्याकडचा कापूस बंडीत भरून कारंज्याच्या बाजारात यायचा. तिथे जिनिंगमध्ये सरकी वेगळी व्हायची, प्रेसमध्ये रुई दाबून सुमारे चारशे पौंडांची गाठ बांधली जायची. मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोट्या रुळांची गाडी, जिला लोक शकुंतला म्हणतात, ती गाठ मूर्तिजापूरला आणून टाकायची. इथे रूळ बदलत, म्हणून प्रत्येक गाठ हमालाच्या खांद्यावरून मोठ्या गाडीच्या वाघिणीत. मग मुंबई, शिवडीचं कॉटन ग्रीन. तिथे वऱ्हाडच्या कापसाला ‘उमरा’ म्हणत, अमरावतीवरून. आखूड धाग्याचा, जाडाभरडा माल. लँकेशायरला तो फारसा रुचत नसे. त्याचं मोठं गिऱ्हाईक जपान.

किती मोठं, ते १९३३ मध्ये दिसलं. हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावर जबर जकात बसवली, तशी ओसाकाच्या गिरण्यांनी आपला कापूस घेणंच बंद केलं. सरकार नमलं. १९३४ च्या करारात चक्क अदलाबदल ठरली: जपानने दहा लाख गाठी घ्याव्या आणि साडेबत्तीस कोटी वार कापड आणावं, पंधरा लाख गाठी घेतल्या तर चाळीस कोटी वारांपर्यंत. हे ज्यांच्या जिवावर ठरलं, त्यांतल्या किती जणांना टोकियो कुठे आहे ठाऊक होतं? पण कारंज्याचा भाव तिथून हलत होता.

आणि म्हणून वाशीमच्या बाजूने पाहिलं तर ३ सप्टेंबर १९३९ ही तारीख तितकी मोठी नाही. त्या सुमारास भाव उलट चढलेच. घाव बसला जुलै १९४१ मध्ये. जपानी फौजा दक्षिण इंडोचायनात शिरल्या, तशी अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली. ब्रिटन आणि हिंदुस्थान सरकारने लगोलग तेच केलं. आपलं गिऱ्हाईक एका आठवड्यात हातचं गेलं. डिसेंबरात ते शत्रू झालं. अमेरिका अलिप्तता सोडून रणात उतरली, त्या उतरण्याची पहिली पायरी वऱ्हाडच्या कापसावर पडली. हे अमेरिकेच्या इतिहासात सापडणार नाही. तिथे तेलाची गोष्ट असते.

विचित्र गोष्ट पुढे आहे. आखूड धाग्याच्या कापसाला गिऱ्हाईक नाही, आणि त्याच वेळी धोतर-लुगडं मिळत नाही! गिरण्या लष्कराच्या मागणीवर चालत होत्या, बाहेरचं कापड बंद होतं, काळा बाजार बोकाळला होता. जून १९४३ मध्ये सरकारला कापड आणि सुतावर नियंत्रण आणावं लागलं. दुकानांत ‘स्टँडर्ड क्लॉथ’ आलं. दुसरीकडे ‘अधिक धान्य पिकवा’ची मोहीम: ब्रह्मदेशचा तांदूळ तुटला होता, तेव्हा पऱ्हाटी कमी करा, ज्वारी लावा. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या सरकारच्या सारा-वसुलीपायी कापूस लावला, त्याला सरकारच आता ज्वारीचं महत्त्व समजावत होतं.

सैन्याचं काय? युद्ध संपेपर्यंत हिंदी सैन्य सुमारे पंचवीस लाखांवर गेलं, सगळे स्वेच्छेने भरती झालेले. त्या स्वेच्छेत पोटाची भूक किती होती, ते ज्याचं त्याने ठरवावं. मराठी नावं गाजली ती माणगावकडचे यशवंत घाडगे आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांची. दोघांनाही इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. इंग्रजांच्या ‘लढाऊ जातीं’च्या यादीत वऱ्हाडाला मानाचं पान नव्हतं. अपवाद घडला तो आंबेडकरांच्या हट्टाने. पहिल्या महायुद्धात उभी केलेली महारांची १११ वी पलटण गरज सरताच १९२१ पर्यंत मोडून टाकली होती. आता १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली आणि १९४२ मध्ये दुसरी, नागपूरजवळच्या कामठीला. जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. शांतता झाल्यावर पलटणी मोडण्याचा हंगाम या खेपेलाही आला, पण १९४६ मध्ये महार रेजिमेंटला मशीनगन रेजिमेंट करण्यात आलं आणि ती राहिली. आजही आहे.