बॅटरीवरच्या विमानाला हवी ‘ढील’ देणारी बोटे

मकर संक्रांतीला जयपूरमधल्या गच्च्या माणसांनी फुलून जातात. तिळाचे लाडू, फेणी आणि ‘वो काटा’चा गलका यांत सारा दिवस सरतो. महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांच्या वेळेपासून या शहराला पतंगाचा शौक जडला, असे सांगतात. अशा शहरातल्या मुलांना दोरीशिवाय उडणाऱ्या विमानाचे आकर्षण वाटले तर नवल नाही. हल्ली वाढदिवसाची भेट म्हणून किंवा एनसीसीच्या हवाई शाखेत मॉडेल बनवायला शिकल्यावर बॅटरीवर चालणारे छोटे विमान घरात येते आणि जेवणाच्या टेबलावर त्याची जुळणी सुरू होते.

पतंगाला ढील द्यायची की खेचायचे, हे उडवणाऱ्याच्या बोटांना कळते. विमानाला दोरी नसते. त्याच्या मोटरला ढील देण्याचे आणि खेचण्याचे काम काडेपेटीएवढी एक वस्तू करते. तिचे नाव स्पीड कंट्रोलर. ती नीट लावली नाही तर विमान पडते, बॅटरी फुगते आणि कधीकधी बोटेही जखमी होतात. म्हणूनच ती कशी काम करते, हे मुलांबरोबर आईवडिलांनीही जाणून घ्यायला हवे.

तीन तारांची करामत

विजेवरचे मॉडेल विमान ही कालपरवाची गोष्ट नाही. ब्रिटनचे कर्नल टॅपलिन यांनी ३० जून १९५७ रोजी ‘रेडिओ क्वीन’ नावाचे रेडिओवर चालणारे मॉडेल विजेच्या मोटरवर उडवले होते. त्यात चांदी आणि जस्ताची बॅटरी होती. आजच्या विमानांत हलकी लिथियम पॉलिमर बॅटरी आणि ब्रश नसलेली मोटर असते. या मोटरला तीन तारा असतात. कंट्रोलर बॅटरीची वीज या तारांत आळीपाळीने, अतिशय वेगाने सोडतो आणि त्यामुळे मोटर फिरते. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी, की दिशा बदलते. बॅटरीच्या लाल आणि काळ्या तारांची अदलाबदल मात्र कधीही करू नये. ती चूक कंट्रोलर क्षणात जाळून टाकते.

बहुतेक छोटे कंट्रोलर आणखी एक काम करतात. रिसीव्हरला आणि शेपटी-पंख हलवणाऱ्या सर्वो मोटरींना ते त्याच बॅटरीतून सुमारे ५ व्होल्ट वीज पुरवतात.

खरेदी करताना

मोटर जास्तीत जास्त किती अँपिअर वीज घेते, ते आधी पाहावे आणि त्यापेक्षा वीस-पंचवीस टक्के अधिक क्षमतेचा कंट्रोलर घ्यावा. मोटर २४ अँपिअर घेत असेल तर कंट्रोलर ३० चा असावा. मोठा पंखा लावला की मोटर जास्त वीज ओढते, हे विसरू नये. चार पैसे वाचवायला घेतलेला लहान कंट्रोलर हवेतच बंद पडला, तर सारे विमानच हातचे जाते.

आधी पंखा काढा

घरात जुळणी करताना पहिला नियम एकच, विमानाचा पंखा काढून ठेवावा. बॅटरी जोडलेली असताना मोटर केव्हाही फिरू शकते. फिरणारा पंखा सुरीसारखा कापतो. घरात लहान मूल असेल तर ही खबरदारी दुप्पट घ्यावी.

यानंतर कंट्रोलरला रिमोटच्या दांडीची ओळख करून द्यावी लागते. बहुतेक कंट्रोलरमध्ये ही पद्धत सारखीच असते. रिमोट चालू करून वेगाची दांडी पूर्ण वर न्यावी. मग विमानाची बॅटरी जोडावी. ‘बीप’ असा आवाज आला की दांडी पूर्ण खाली आणावी. पुन्हा ठरावीक आवाज आले, की कंट्रोलरला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेग कोणता ते समजले. सोबतचे माहितीपत्रक जरूर वाचावे, कारण आवाजांचे अर्थ कंपनीनुसार बदलतात.

आता पंखा नसतानाच रिमोट बंद करून पाहावा. संदेश तुटताच मोटर थांबली पाहिजे. थांबत नसेल तर रिसीव्हरची ती सोय दुरुस्त केल्याखेरीज विमान मैदानावर नेऊ नये. रोजच्या वापरात रिमोट सर्वांत आधी चालू करावा आणि सर्वांत शेवटी बंद करावा.

बॅटरीची राखण

लिथियम पॉलिमरच्या एका सेलचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. तो ३ व्होल्टच्या खाली गेला तर सेल कायमचा बिघडतो. म्हणून कंट्रोलरमध्ये मोटर थांबवण्याची मर्यादा ठरवता येते. तीन सेलच्या बॅटरीसाठी ती साधारण ९ ते १० व्होल्ट ठेवतात. मोटर थांबली तरी रिसीव्हर आणि सर्वो चालू राहतात, त्यामुळे विमान तरंगत खाली आणता येते. मोटर एकदम न थांबता हळूहळू मंद होण्याची सोय असेल तर नवशिक्याने तीच निवडावी. ब्रेकची सोय मिटणाऱ्या पंख्याच्या ग्लायडरसाठी असते. साध्या पंख्याला तो बंदच ठेवावा.

मे-जूनमध्ये जयपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी बंद मोटारगाडीत बॅटरी ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. कंट्रोलरलाही वारा लागला पाहिजे. त्यासाठी विमानाच्या नाकाशी हवा आत येण्याचे भोक आणि मागे ती बाहेर जाण्याचे त्याहून मोठे भोक ठेवावे. बॅटरी फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवून, कोणी तरी समोर असतानाच भरावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

मैदानावर जाण्यापूर्वी

पंखा लावून पहिली चाचणी घेताना विमान घट्ट धरावे आणि पंख्याच्या मागे उभे राहावे. पंख्याच्या समोर किंवा बाजूला कोणीही नसावे. अर्धा मिनिट पूर्ण वेगाने चालवून मोटर थांबवावी, बॅटरी काढावी आणि मग कंट्रोलरला हात लावून पाहावा. चटका बसला तर पंखा लहान करावा.

जागाही विचारपूर्वक निवडावी. जयपूरचा विमानतळ सांगानेरला, शहराला लागूनच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मुभा आहे. त्यामुळे सरकारी नकाशावर आपले मैदान हिरव्या पट्ट्यात आहे का, ते आधी पाहावे. संक्रांतीच्या दिवसांत तर विमान घरीच ठेवणे शहाणपणाचे. मांजा पंख्यात अडकला की मोटर जागीच अडते, विजेचा ओघ एकदम वाढतो आणि कंट्रोलर जळू शकतो.

या छंदात मुले वीज, वारा आणि संयम हे तिन्ही धडे एकाच वेळी गिरवतात. मात्र पहिली काही उड्डाणे जाणत्या माणसाच्या सोबतीनेच व्हावीत आणि बॅटरी जोडण्यापूर्वी रिमोटची दांडी खाली आहे ना, हे दर वेळी दोघांनीही पाहावे.