हजेरीला गप्प राहिलेली डिस्क

नवरात्रात घर आवरताना संगणकाचं टेबल भिंतीपासून ओढलं, मागची जळमटं काढली आणि टेबल पुन्हा जागेवर सरकवलं. संध्याकाळी पीसी सुरू केला, तर काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ: बूट डिव्हाइस सापडत नाही. त्या डिस्कवर आईने स्वतः टाइप केलेल्या पाककृती होत्या, मुलीच्या बारशापासूनचे फोटो होते आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती. ओळखीतल्या तिघांना फोन केले. तिघांनीही एकच सांगितलं, ‘फॉरमॅट मारून बघ.’

हा सल्ला किती घातक आहे, हे सांगण्यासाठीच लिहितो आहे. ‘हार्ड डिस्क डिटेक्ट होत नाही’ हे आजाराचं नाव नव्हे. ‘अंगात कणकण आहे’ म्हणण्याइतकंच ते मोघम आहे. आधी विचारायला हवं, की डिस्क दिसत नाही ती कोणाला? बायोसला, की विंडोजला? पीसी सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ दाबलं (काही यंत्रांवर एफ-१०), की बायोसचा पडदा उघडतो आणि जोडलेल्या डिस्कची नावं तिथे वाचता येतात. या पाहणीत डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. म्हणून ती सगळ्यांत आधी करावी.

बायोसमध्ये नाव उमटतं म्हणजे नेमकं काय होतं? शाळेतल्या हजेरीसारखाच तो प्रकार आहे. टेबलावरच्या पीसीतल्या साडेतीन इंची डिस्कला एसएमपीएसकडून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीकडून, १२ व्होल्ट मिळाले, की मोटर तबकड्या फिरवू लागते. ५ व्होल्टवर तिचं सर्किट चालतं. हे सर्किट म्हणजे डिस्कला जोडलेली हिरवी पट्टी. तिच्यावर एक स्वतंत्र छोटा संगणकच बसवलेला असतो. त्याचा थोडा प्रोग्रॅम पट्टीवरच्या चिपमध्ये असतो, पण बराचसा तबकड्यांवरच, आपल्याला कधी न दिसणाऱ्या राखीव पट्ट्यांत ठेवलेला असतो. म्हणजे डिस्कला आपलं पूर्ण नाव सांगायचं, तर आधी स्वतःलाच वाचता आलं पाहिजे. ते जमलं, की मदरबोर्ड ‘तू कोण?’ असा हुकूम सोडतो आणि डिस्क ५१२ बाइटचं उत्तर पाठवते: मॉडेल, अनुक्रमांक, किती सेक्टर. हे उत्तर आलं नाही, तर बायोसच्या लेखी डिस्क गैरहजर. कधीकधी अर्धवट उत्तर येतं. डिस्क बाजारातलं नाव न सांगता कारखान्यातलं अंतर्गत नाव सांगते आणि क्षमता शून्य दाखवते. तेव्हा समजावं, की सर्किट जिवंत आहे, पण त्याला तबकडीवरचं वाचता येत नाही.

माझ्या बाबतीत गोष्ट इतकी खोल गेली नव्हती. पीसी बंद केला, प्लग काढला, कॅबिनेटची बाजू उघडली. डेटाच्या साटा वायरचं टोक जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर आलं होतं. टेबल सरकवताना बसलेल्या हिसक्याने एवढंच झालं होतं. २००३ पासून रुळलेल्या या जोडणीत डेटाच्या वायरला सात आणि वीजपुरवठ्याच्या वायरला पंधरा संपर्कपट्ट्या असतात. जुन्या रुंद आयडीई पट्टीपेक्षा ती फारच सुटसुटीत आहे, पण सुरुवातीच्या अनेक वायरींना अडकवायची क्लिप नव्हती. मुळात कॅबिनेटच्या आतली ही जोडणी साधारण ५० वेळा काढण्या-घालण्याच्या हिशेबानेच बनवलेली असते. म्हणून आधी वायर नीट बसवावी, मग दुसरी वायर लावून बघावी, मग मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट. काही मदरबोर्डांवर एम-डॉट-टूच्या खाचेत एसएसडी बसवली, की ठरावीक साटा पोर्टं आपोआप बंद होतात. एसएसडी बसवल्याच्या दिवशीच जुनी डिस्क ‘उडाली’, असं कोणी सांगितलं, तर मी आधी मदरबोर्डची माहितीपुस्तिका मागतो.

अगदी नवी डिस्कही गप्प राहू शकते. २०१६ मध्ये साटाच्या नियमांत एक बदल झाला. विजेच्या जोडणीतल्या तिसऱ्या संपर्काला नवं काम मिळालं: तिथे ३.३ व्होल्ट आले, तर डिस्कने बंद राहायचं. मोठ्या सर्व्हर-केंद्रात एखादी अडकलेली डिस्क जागेवरून न काढता बंद-चालू करता यावी, म्हणून ही सोय. पण जुने एसएमपीएस त्याच संपर्कावर कायम ३.३ व्होल्ट देत असतात. अशा पीसीत ही सोय असलेली मोठ्या क्षमतेची नवी डिस्क लावली, तर ती फिरतच नाही. तिला जणू सतत ‘बंद राहा’ असा हुकूम मिळत असतो. तो एक संपर्क चिकटपट्टीने झाकला, की तीच डिस्क गुणगुणायला लागते.

बायोसला डिस्क दिसते आणि विंडोजला दिसत नाही, तेव्हा बहुधा यंत्र ठीक असतं आणि घोळ नोंदींचा असतो. डिस्क मॅनेजमेंट उघडलं, तर फक्त ड्राइव्हचं अक्षर द्यायचं राहिलेलं आढळतं. मदरबोर्डवरची ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी संपली, तर बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात, साटाची पद्धत बदलते आणि कालपर्यंत सुरू होणारं विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरच्या कितीतरी लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकायला गेलं, की डिस्कची यादी रिकामीच दिसते. तिथे एसएसडी इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असते. त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून दिला, की ती यादीत येते. मात्र जुन्या, भरलेल्या डिस्कबद्दल विंडोज ‘इनिशिअलाइझ करू का?’ असं विचारू लागलं, तर हात आवरावा. होकार दिला, की विभागांच्या नोंदीचा नवा तक्ता जुन्यावर लिहिला जातो.

आता कानाचं काम. निरोगी डिस्क सुरू होताना चढता सूर धरते, मग एक हलकी ‘टिक’ येते आणि नंतर एकसारखी घरघर राहते. ठरावीक अंतराने टक्… टक्… ऐकू आलं, तर पीसी त्या क्षणी बंद करा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावत असते आणि वाचणारं डोकं तिच्यावर काही नॅनोमीटरवर तरंगतं. आपल्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट. ती टकटक म्हणजे डोकं तबकडीवरच्या खुणा शोधत आहे, त्या मिळत नाहीत आणि ते पुन्हा पुन्हा परत येत आहे. प्रत्येक फेरीत तबकडीला ओरखडा पडण्याचा धोका असतो. अशा डिस्कला फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय अजून तोंडोतोंडी फिरतो. गार डिस्क बाहेर काढली, की तिच्यावर दव धरतं. ज्या फटीत धुळीचा कण मावत नाही, तिथे पाणी काय करेल, याचा विचार करावा.

अजिबात आवाज नसेल, तर उलट थोडी आशा असते. बाहेरून जोडायच्या डिस्कला चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लागला, तर सर्किटवरचा टीव्हीएस नावाचा छोटा डायोड सगळा मार स्वतःवर घेऊन जळतो. तबकड्या बहुधा शाबूत राहतात. जाणकार माणूस तो डायोड काढून डिस्क पुन्हा चालू करू शकतो. पूर्वी सरळ दुसऱ्या डिस्कची पट्टी लावत. आता प्रत्येक डिस्कची बारीक जुळवणी तिच्याच पट्टीवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते, त्यामुळे ती चिपही काढून नव्या पट्टीवर बसवावी लागते.

या विषयातलं मला सर्वांत विलक्षण वाटणारं प्रकरण २००८च्या अखेरीचं. सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेतल्या डिस्क आदल्या रात्रीपर्यंत उत्तम चालायच्या आणि सकाळी बायोसमधून गायब व्हायच्या. मोटर फिरत होती, टकटक नव्हती, डोकं धड होतं. दोष प्रोग्रॅममध्ये होता. डिस्क स्वतःच्या घडामोडींची एक रोजनिशी ठेवते. पीसी बंद होताना त्या रोजनिशीचा मोजणी-आकडा ३२० सारख्या ठरावीक जागी थांबलेला असला, तर पुढच्या वेळी प्रोग्रॅम तिथेच अडकायचा आणि मदरबोर्डच्या हुकमाला उत्तरच यायचं नाही. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने दोष मान्य करून सुधारित फर्मवेअर दिलं. पण आधीच गप्प झालेल्या डिस्कमध्ये ते घालणार कसं? हौशी मंडळींनी वाट काढली. पट्टी आणि तबकड्यांची पेटी यांच्यामधल्या संपर्कात कागदाचा कपटा सरकवायचा, साटा जोडणीशेजारच्या चाचणीच्या पिनांना दोन-तीन तारा जोडायच्या आणि दुसऱ्या संगणकावरून थेट डिस्कच्या प्रोग्रॅमशी बोलायचं: मोटर थांबव, कागद काढल्यावर पुन्हा फिरव, रोजनिशी पूस. मोजून काही अक्षरांचे हुकूम. मग डिस्क परत पीसीला लावली, की बायोसच्या यादीत तिचं नाव, अनुक्रमांक आणि क्षमता पहिल्यासारखी उमटायची. आतली एकही फाइल जागची हललेली नसायची.