पहिला पियानो घेताना आवाज मोजू नका, पट्ट्या दाबून पाहा

आमच्या ओळखीचे एक फर्निचर कारागीर आहेत. मुलीला पियानो शिकायचा होता म्हणून त्यांनी ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड घेतला. ‘चाचा, यात शेकडो आवाज आहेत, ताल आहेत, आणखी काय पाहिजे?’ असे दुकानदार म्हणाला. सहा महिन्यांनी शिक्षिकेने सांगितले की, या कीबोर्डवर पळणारी बोटे खऱ्या पियानोवर अडखळतात. कीबोर्ड निम्म्या किमतीत विकावा लागला. दुकानदार खोटे बोलला नव्हता, पण त्याने नको ती गोष्ट मोजून दाखवली.

खरा उभा पियानो दोनशे किलोच्या घरात जातो. पावसाळ्यात लाकूड फुगते, सूर बिघडतात, जुळवणारा बोलवावा लागतो. म्हणून नवशिक्यासाठी डिजिटल पियानो सोयीचा. मात्र तो निवडावा कसा?

पट्टीची परीक्षा

हार्मोनियमचा जोर भात्यावर ठरतो, पियानोचा बोटावर. पट्टी जितक्या वेगाने दाबाल तितक्या वेगाने हातोडा तारेवर आदळतो. डिजिटल पियानोत तारा नसतात. पट्टीखालचे सेन्सर तो वेग मोजतात आणि त्याप्रमाणे सूर नाजूक किंवा दमदार निघतो. म्हणून पूर्ण ८८ पट्ट्या हव्यात, त्या वजनदार हव्यात, आणि खर्जाकडे जड व वरच्या सुरांकडे हलक्या होत जाणाऱ्या हव्यात. पैसा इथे घालावा.

तीन नमुने

कॅसिओ सीडीपी-एस११० साडेदहा किलोचा असून त्याची खोली जेमतेम २३ सेंटिमीटर आहे, म्हणजे लहान खोलीतही मावतो. सहा पेन्सिल सेलवरही चालतो, त्यामुळे वीज गेली तरी रियाज थांबत नाही. २०२३ साली आलेला यामाहा पी-१४५ अकरा किलोचा असून अ‍ॅडॅप्टरवर चालतो. या दोहोंत दहाच आवाज आहेत आणि एका वेळी ६४ सूर वाजू शकतात. शिकणाऱ्याला एवढे पुरे. २०१९ चा रोलंड एफपी-१० सव्वाबारा किलोचा आहे, त्यात ९६ सूर मिळतात. पट्टीच्या बाबतीत आमचे मत रोलंडच्या बाजूने आहे, कारण त्याची पट्टी खऱ्या पियानोला अधिक जवळची लागते. उचलून नेण्याचे काम रोजचे असेल तर कॅसिओ बरा.

स्टेजवर न्यायचा असेल तर

इथे पुष्कळजण फसतात. वरील तिन्ही नमुन्यांना साउंड सिस्टिमसाठी वेगळे लाइन आउट नाही, हेडफोनच्या भोकातूनच वायर काढावी लागते. घरी हे चालते, पण लग्नाच्या किंवा शाळेच्या कार्यक्रमात वायर सैल झाली की ऐन वेळी खरखर सुरू होते. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याने किंवा भाड्याने वाद्ये देणाऱ्याने थोडे जास्त पैसे घालून यामाहा पी-२२५ किंवा रोलंड एफपी-३०एक्स पाहावा. या दोन्हींत वेगळे आउटपुट आहे.

जुना घेत असाल तर

८८ च्या ८८ पट्ट्या एकेक करून आधी हळू, मग जोरात दाबा. एखादी पट्टी खडखडत असेल, किंवा हळू दाबूनही शेजारणीपेक्षा मोठ्याने वाजत असेल, तर सौदा सोडा. दुरुस्तीचा खर्च बचत खाऊन टाकतो.

दुकानदार बंधूंना

एक नमुना स्टँडवर, जोडलेला, हेडफोनसकट ठेवा. गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवा आणि हलका कीबोर्ड व वजनदार पट्ट्या शेजारी-शेजारी वाजवू द्या. सोबत येणारे पेडल छोट्या बटणासारखे असते आणि फरशीवर सरकते, हे आधीच सांगा. चांगले पेडल, स्टँड आणि योग्य उंचीचे बाक यांचा भाव पियानोच्या भावात मिळवूनच बोला. पक्की पावती द्या, वॉरंटीचे काम कुठे होते तेही लिहून द्या. यात एखादे वेळी सौदा लहान होईल, पण तेच गिऱ्हाईक भावाच्या मुलाला घेऊन पुन्हा येईल.

त्या कारागिराने आता मुलीसाठी वजनदार पट्ट्यांचा पियानो घेतला आहे. या वेळी त्यांनी दुकानात एकच प्रश्न विचारला, ‘आधी पोरीला बसून वाजवू द्याल का?’ आमच्या वाचकांनीही तोच विचारावा.